'इंडिया पेपर' आणि पलंगपोस

प्रश्न असा आहे: इंग्लंडमधल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींवर 'इंडिया पेपर' असल्याचे वाचनात येते, मराठीत त्याला 'भारतीय कागद' म्हणावे का?

मुळीच नाही. हा 'भारतीय कागद' मराठी लेखांत इतक्यांदा भेटतो की आता वीट आला. बायबल छापायचा पातळ कागद वेगळा, तो सोडून द्या. अठराव्या शतकातला भिंतीवरचा इंडिया पेपर चीनमधल्या कँटन बंदरातून येई, हाताने रंगवलेला: पिओनी, शेवंती, बांबू, पक्षी. आणणारी जहाजे ईस्ट इंडिया कंपनीची, म्हणून तो 'इंडिया'. चिपेंडेल या नामवंत इंग्रज फर्निचर कारागिराने १७७१ मध्ये नॉस्टेलच्या वाड्यात लावलेल्या चिनी कागदाचे त्याच्या हिशेबातले नावही हेच. (चिनी लाखकामाचे पडदे 'कोरोमंडल' झाले तेही असेच.)

एका संचात बहुधा २५ किंवा ४० पट्टे, नक्षी कुठेच पुन्हा येत नाही. त्यामुळे पट्ट्यांचा क्रम चुकला की फांदी मध्येच तुटते. उंची जास्त झाली तर वरचे आकाश कापायचे, झाडाच्या मुळांना हात लावायचा नाही. सांधा उघडा पडलाच तर उरलेल्या कागदातला पक्षी कातरून त्यावर चिकटवायचा.

पण खरी गंमत भिंतीवर नाही, पलंगावर आहे. खडकातून उगवून फुलांनी लवलेले तसलेच झाड पूर्व किनाऱ्यावरच्या मच्छलीपट्टणच्या छिटावरही (रंगीत नक्षीच्या सुती कापडावरही) दिसते. १६४३ मध्येच कंपनीने सुरतेला कळवले होते की कापडाच्या लाल जमिनीपेक्षा (पार्श्वभूमीपेक्षा) पांढरी जमीन आणि रंगीत फुले-फांद्या हव्यात. अशा छिटाच्या पलंगावरच्या चादरीला इंग्रजीत 'पॅलमपोर' म्हणतात. काही पंडित त्यासाठी थेट गुजरातेतले पालनपूर गाठतात. कशासाठी? माल पूर्व किनाऱ्याचा आणि शब्द घरातलाच: पलंगपोस! फारसी 'पोश' म्हणजे झाकणारे. सरपोस, पापोस, पोशाख ही सगळी त्याचीच भावंडे. 'स'चा 'र' कसा झाला, हा आक्षेप ठरलेला. माझ्या मते तो ध्वनिबदल नाहीच, कानाची सवय आहे. सोलापूरचे 'शोलापोर' आणि नागपूरचे 'नागपोर' लिहिणाऱ्या कारकुनाने शेवटी 'पो' ऐकले की पुढचा 'र' तो आपसूक लिहिणार. पालनपूरवाल्यांनी आधी एवढेच सांगावे, की तिथे असली झाडे कोण रंगवत होते?