शब्दशंका : ‘क्विकन’ आणि कलम ३१२

प्रश्न : ‘क्विकन’ म्हणजे वेग वाढवणे, असं शाळेत शिकलो. मग भारतीय दंड संहितेच्या कलम ३१२ मध्ये, गर्भपाताच्या संदर्भात, ‘क्विक विथ चाइल्ड’ कसं आलं? तिथे वेगाचा काय संबंध? – एक वाचक, सातारा

उत्तर : काहीच नाही. ‘क्विक’चा मूळ अर्थ जिवंत, वेग ही नंतरची भर. आपला ‘जीव’ आणि हा ‘क्विक’ मुळात एकाच घराण्यातले. ‘क्विकन’ म्हणजे जीव आणणे किंवा जीव येणे. १६११च्या इंग्रजी बायबलात ते याच अर्थाने येतं. ‘द क्विक अँड द डेड’ म्हणजेही जिवंत आणि मृत. चपळ माणसांचा तिथे काही विषय नाही.

पोटातलं बाळ फिरल्याचं आईला पहिल्यांदा जाणवतं, ते ‘क्विकनिंग’. पहिलटकरणीला साधारण १८ ते २० आठवड्यांत, पुढच्या खेपेला सोळाव्याच्या आसपास. सोनोग्राफी नसताना गर्भ जिवंत असल्याची याहून भरवशाची खूण कुठली असणार? इंग्लंडच्या कायद्याने तीच धरली. फाशी सुनावलेल्या बाईने आपण गरोदर असल्याचं सांगितलं, तर जाणत्या बायकांची ज्युरी तिला तपासायची. बाळ फिरत असेल तर बाळंतपण होईपर्यंत फाशी थांबायची. १८०३च्या कायद्याने गर्भपाताच्या शिक्षेतही हाच भेद केला. १८३७ मध्ये तो तिथून गेला.

आपल्याकडे मात्र १८६०च्या संहितेत तो आला. एरवी तीन वर्षांपर्यंत कैद, बाई ‘क्विक विथ चाइल्ड’ असेल तर सात वर्षांपर्यंत. दंड संहितेच्या जागी २०२४ मध्ये आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्येही तो कायम आहे. हिंदी पाठात यासाठी ‘स्पंदनगर्भा’ असा छान शब्द आहे. मराठीत ‘जिच्या पोटातल्या बाळाची हालचाल सुरू झाली आहे अशी स्त्री’ असं सरळ लिहावं. नुसतं ‘गरोदर’ लिहिलं, की तीन आणि सात वर्षांमधला फरकच पुसला जातो.

जुना अर्थ जोडशब्दांत टिकून आहे. ‘क्विकसिल्व्हर’ म्हणजे पारा, जिवंत असल्यासारखी पळणारी चांदी. ‘क्विकलाइम’ म्हणजे कळीचा चुना. पाणी पडताच फसफसून तापतो, म्हणून जिवंत. नखाखालचा हुळहुळा भाग तो ‘क्विक’, आणि ‘कट टू द क्विक’ला आपलं ‘जिव्हारी लागणे’ नेमकं बसतं.

आजच्या इंग्रजीत ‘क्विकन’ नाडी, श्वास, पावलं, कुतूहल यांच्यासोबत शोभतं. ‘हर पल्स क्विकन्ड’ आणि ‘ही क्विकन्ड हिज पेस’, दोन्ही बरोबर. म्हणजे ते सकर्मकही चालतं, अकर्मकही. कचेरीच्या पत्रात ‘क्विकन द फाइल’ मात्र लिहू नका. तिथे ‘एक्सपिडाइट’ हवं. आणि मरगळलेल्या कार्यक्रमात जान आणायची असेल तर ‘एनलायव्हन’. तिथे ‘क्विकन’ घातलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल, कार्यक्रम लवकर उरकायचाय.