प्रतोद, पक्षादेश आणि ‘काढून घेतलेला’ व्हिप

प्रश्न असा आला आहे : ‘पक्षाने खासदारांना प्रतोद बजावला’ असे बातमीत वाचले. प्रतोद ही व्यक्ती की आदेश? आणि ‘व्हिप काढला’ म्हणजे जारी केला की रद्द केला?

प्रतोद हा माणूस. बजावला जातो तो पक्षादेश, म्हणजे मत कसे द्यावे याचा पक्षाचा आदेश. ‘प्रतोद बजावला’ हे वाक्य सरळ चूक आहे. प्रतोद नेमतात, बदलतात, आणि तो पक्षादेश बजावतो.

घोळ इंग्रजीतून आला. कोल्ह्याच्या शिकारीत भरकटणाऱ्या कुत्र्यांना चाबकाच्या धाकाने कळपात परत आणणारा एक नोकर असे. संसदेत सदस्यांना मतदानाला गोळा करणाऱ्याला त्याचेच नाव पडले आणि पुढे तो पाठवतो त्या लेखी सूचनेलाही ‘व्हिप’च म्हणू लागले. एका शब्दाचे तिथे दोन अर्थ झाले. मराठीत त्यांना दोन वेगळे शब्द आहेत, तर ते वेगळेच वापरावेत.

‘प्रतोद’ हा शब्द संस्कृत. ‘तुद्’ म्हणजे टोचणे, मारणे. त्यावरून प्रतोद म्हणजे सारथ्याचा चाबूक किंवा पराणी. भीष्मावर चक्र घेऊन धावणारा कृष्ण सर्वांना ठाऊक असतो. महाभारत युद्धाच्या नवव्या दिवशी मात्र तो धावतो तो हातात प्रतोद घेऊन. हिंदीने ‘सचेतक’ हा सौम्य शब्द घेतला, गुजरातीने ‘दंडक’. आपण चाबूकच ठेवला, आणि तो कामाला जास्त शोभतो असे मला वाटते. स्त्री सदस्य असली तरी ‘मुख्य प्रतोद’च म्हणतात, वेगळे स्त्रीलिंगी रूप नाही.

आता ‘काढणे’. मराठीत जीआर काढतात, आदेश काढतात, म्हणजे जारी करतात. आणि माणसाला नोकरीवरून काढतात, म्हणजे घालवतात. म्हणून ‘व्हिप काढला’ हे निदान भारतातल्या बातमीत ‘पक्षादेश जारी केला’ असेच वाचावे. ‘प्रतोद काढला’ म्हणजे मात्र माणूस हटवला.

खरा खड्डा ब्रिटनच्या बातम्यांत आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या सरकारविरुद्ध मत देणाऱ्या २१ हुजूर खासदारांचा व्हिप ‘काढून घेतला’ गेला. जुलै २०२४ मध्ये दोन अपत्यांपुरत्या मर्यादित भत्त्याच्या प्रश्नावर मजूर पक्षाच्या सात खासदारांचा व्हिप सहा महिन्यांसाठी ‘निलंबित’ झाला. हे शब्दशः मराठीत आणले तर वाचक समजतो की आदेश मागे घेतला, आता हवे तसे मत द्या. अर्थ नेमका उलटा आहे : त्यांना संसदीय पक्षातून बाहेर काढले. तिथे ‘संसदीय पक्षातून निलंबित केले’ असेच लिहावे. त्यांची खासदारकी मात्र शाबूत राहिली. ते सभागृहात अपक्षासारखे बसले. आपल्याकडे याच्या उलट, पक्षादेश मोडला तर खासदारकीच धोक्यात येते.

‘तीन ओळींचा व्हिप’ हाही असाच चुकलेला अनुवाद. सूचना तीन ओळींची नसते. मजकुराखाली तीन रेघा ओढलेल्या असतात. एक रेघ म्हणजे मतदान आहे ही वर्दी, दोन म्हणजे हजर राहा, तीन म्हणजे हजर राहा आणि पक्ष सांगेल तसेच मत द्या. म्हणून ‘तीन रेघांचा पक्षादेश’. ‘ओळ’ आता इतकी रुळली आहे की ती हटेल असे वाटत नाही, पण अर्थ तरी माहीत असावा.

कायद्यात गंमत वेगळीच. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, व्हिप हा शब्दच नाही. तिथे पक्षाने, किंवा पक्षाने अधिकार दिलेल्या व्यक्तीने, दिलेला ‘निदेश’ आहे (‘निदेशक तत्त्वे’ मधला तोच). पूर्वपरवानगी न घेता त्याविरुद्ध मत दिले किंवा मतदानापासून दूर राहिले आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केले नाही, तर सदस्य अपात्र ठरू शकतो. याला कायदा पक्षांतराच्याच मथळ्याखाली घालतो, जरी सदस्याने पक्ष सोडलेला नसला तरी. बोलीत मात्र ‘पक्षांतर’ म्हणजे दुसऱ्या पक्षात जाणेच. म्हणून बातमीत ‘पक्षादेश मोडला’ किंवा ‘झुगारला’ लिहावे, ‘पक्षांतर केले’ नको. राष्ट्रपती निवडणुकीला पक्षादेश लागू होत नाही. तिथे ‘मते फुटली’ हाच अस्सल मराठी प्रयोग.

अधिकार दिलेली व्यक्ती कोण, हा वाद शिवसेनेच्या फुटीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ११ मे २०२३ च्या निकालात पाच न्यायमूर्तींनी सांगितले की प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष (म्हणजे त्याच्या आमदारांचा गट) नव्हे, आणि शिंदे गटाचे प्रतोद भरत गोगावले यांना विधानसभाध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा ठरवली. (पुढे १० जानेवारी २०२४ ला विधानसभाध्यक्षांनी गोगावले यांचीच नेमणूक वैध धरली.) या बातम्यांत ‘प्रतोद’ आणि ‘पक्षादेश’ यांची सरमिसळ झाली की वाद कशाचा, हेच कळेनासे होते.

‘तटस्थ’ आणि ‘गैरहजर’ यांतही फरक पाळावा. लोकसभेच्या यंत्रावर बाजूचे मत हिरवे, विरोधी लाल, आणि तटस्थ पिवळे. तटस्थाची नोंद होते. गैरहजर सदस्य मतदानाच्या यादीत दिसत नाही. शिवाय बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात, तिथे कुणाचेच नाव नोंदले जात नाही. मतविभागणी मागितली तरच नावे मिळतात. त्यामुळे आवाजी मतदानानंतर ‘अमुक खासदारांनी बाजूने मत दिले’ लिहिणे म्हणजे अंदाज छापणे.

‘पक्षादेश मोडणे’ आणि ‘फुटणे’ या शब्दांची परीक्षा १७ एप्रिल १९९९ च्या लोकसभेतल्या विश्वासमताच्या मतदानात होते. वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले. सैफुद्दीन सोझ यांनी नॅशनल कॉन्फरन्सचा पक्षादेश मोडून सरकारविरुद्ध मत दिले आणि पक्षाने त्यांची हकालपट्टी केली. गिरिधर गमांग यांचे नाव त्यांच्यासोबतच घेतले जाते, पण ते फुटले नव्हते. ते ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, खासदारकी सोडलेली नव्हती, आणि मत त्यांनी आपल्या काँग्रेस पक्षाच्याच बाजूने दिले. आक्षेप होता तो मुख्यमंत्र्याने लोकसभेत मत द्यावे का, यावर.