एकाच वादळाचा बर्फ इथे कमरेइतका, तिथे बोटभर का?

प्रश्न : अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या दक्षिणेला बर्फाचे ढीग लागतात आणि त्याच दिवशी उत्तरेकडे जेमतेम बोटभर बर्फ पडतो. एवढ्याशा अंतरात इतका फरक कसा?

हा फरक शहराला लागून असलेल्या ईरी सरोवरामुळे पडतो. हिवाळा सुरू झाला तरी सरोवराच्या पाण्यात उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. त्यावरून बोचरी, कोरडी हवा वाहू लागली की तिला खालून ऊब आणि बाष्प मिळते, ती वर उसळते आणि ढग तयार होतात. त्यासाठी पाण्याच्या पृष्ठभागापेक्षा सुमारे दीड किलोमीटर उंचीवरची हवा निदान १३ अंश सेल्सिअसने थंड असावी लागते.

पण बर्फ नेमका कुठे पडणार, हे वाऱ्याची दिशा ठरवते. ईरी सुमारे ३८८ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त ९२ किलोमीटर रुंद आहे. वारा आडवा वाहिला तर बारीक, विखुरलेल्या सरी येतात. तोच लांबीच्या दिशेने वाहिला तर एकच अरुंद, दाट पट्टा बनतो आणि तासन् तास एकाच जागी बर्फ ओततो. नोव्हेंबर २०१४ मध्ये दक्षिणेकडच्या काही उपनगरांत दीड मीटरहून जास्त बर्फ साचला, तर उत्तरेकडे काही सेंटीमीटरच.

अंदाज चुकतात तेही इथेच. २०० किलोमीटरच्या वाटेवर वारा ५ अंशांनी वळला, तरी पट्ट्याचे टोक सुमारे १७ किलोमीटर सरकते. शिवाय जमिनीलगतचा आणि दीड किलोमीटरवरचा वारा यांच्या दिशांत ३० अंशांहून जास्त तफावत असेल, तर पट्टा विस्कटू लागतो. म्हणून अशा वेळी आपल्या भागासाठी दर काही तासांनी येणारा ताजा अंदाजच पाहावा, आदल्या दिवशीच्या आकड्यावर विसंबू नये.

प्रश्न : सरोवर गोठले की हे थांबते का?

बऱ्याच अंशी, कारण बाष्पाचा पुरवठाच तुटतो. ईरीची सरासरी खोली फक्त १९ मीटर, त्यामुळे ते लवकर गोठते. ऑन्टारिओ सरोवर सरासरी ८६ मीटर खोल आहे. ते पूर्ण गोठणे दुर्मीळ. तिथला धोका हिवाळाभर टिकतो.

प्रश्न : पायथ्याला पाऊस आणि माथ्यावर बर्फ, ही सीमा घरबसल्या कशी ओळखावी?

हवा साधारणपणे दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे पायथ्याला २ अंश असेल, तर सुमारे ३०० मीटर वर शून्य. पण हिमकण वितळायला वेळ लागतो, त्यामुळे ते शून्य अंशाच्या पातळीखाली आणखी २०० ते ३०० मीटर टिकतात. अंदाजात दिलेल्या त्या पातळीतून एवढे वजा करा आणि आपल्या गावाच्या उंचीशी ताडून पाहा. सर जोरदार असेल तर वितळणारे हिमकण भोवतालची उष्णता शोषून हवा गार करतात आणि सीमा आणखी खाली येते.

डोंगराची बाजूही बघा. वाऱ्याकडच्या उतारावर हवा वर चढते आणि बाष्प सोडते. पलीकडे उतरताना ती तापते, कोरडी होते. ऑन्टारिओच्या पूर्वेचे टग हिल पठार जेमतेम ६०० मीटर उंच, पण सरोवराचे बाष्प तिथे पुन्हा वर ढकलले जाते आणि काही ठिकाणी हंगामात ५ मीटरहून अधिक बर्फ पडतो.

छपरावरचा भार मात्र बर्फाच्या जाडीवरून ठरवू नका. १ सेंटीमीटर पाण्याचा ओला बर्फ सुमारे १० सेंटीमीटर भरतो, तर सरोवराचा भुरभुरीत बर्फ २० सेंटीमीटर किंवा त्याहूनही जास्त. जाडी दुप्पट असली तरी वजन तेवढेच असते. त्यावर पाऊस पडला, तर पाणी आत मुरून जाडी घटते आणि भार वाढतो.