वाचकांचे प्रश्न : माती परीक्षणाचा अहवाल वाचताना

प्रश्न : शिरोळ तालुक्यात आमची नदीकाठची काळी जमीन असून तीत वर्षानुवर्षे ऊस घेतला जातो. अलीकडे उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा थर फुलतो आणि खोडवा (तोडणीनंतर बुडख्यांतून फुटलेला ऊस) पिवळा पडतो. जमीन आरोग्य पत्रिकेत (माती परीक्षणाच्या सरकारी अहवालात) सामू (पीएच) ८.२ आणि क्षारता १.६ आली आहे. क्षारता ४ पर्यंत चालते, असे ऐकले होते. दोन वर्षे जिप्सम टाकूनही फरक नाही. त्याचे कारण काय असावे?
– एक ऊस उत्पादक

उत्तर : आपण ऐकलेला ४ डेसिसीमेन्स प्रति मीटर (हे क्षारतेचे एकक) हा आकडा खरा आहे, परंतु तो आपल्या पत्रिकेतील आकड्याशी ताडून पाहता येत नाही. ही मर्यादा मातीच्या संपृक्त अर्कासाठी, म्हणजे माती जेमतेम चिखल होईल इतक्याच पाण्यात कालवून काढलेल्या अर्कासाठी ठरलेली आहे. पत्रिकेसाठी मात्र प्रयोगशाळा सामान्यतः एक भाग मातीत अडीच भाग पाणी मिसळून मोजणी करते. पाणी अधिक असल्यामुळे क्षार विरळ होतात आणि तीच माती कागदावर बरीच निर्दोष दिसते. या पद्धतीत १ च्या पुढची क्षारता पिकाला हानिकारक मानली जाते. शिवाय ४ ही जमिनीच्या वर्गीकरणाची रेषा आहे, उसाच्या सहनशक्तीची नव्हे. संपृक्त अर्काची क्षारता सुमारे १.७ च्या वर गेली की उसाचे उत्पादन घटू लागते आणि पुढच्या प्रत्येक एककाला ही घट जवळपास ६ टक्के धरतात.

आता जिप्समविषयी. जिप्सम हे चोपण जमिनीचे औषध आहे. चोपण जमिनीत चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, सामू बहुधा ८.५ च्या वर असतो, पाणी मुरत नाही आणि वाळल्यावर ढेकळे दगडासारखी होतात. जिप्सममधील कॅल्शियम त्या सोडियमला कणांवरून हुसकावून लावतो. आपला सामू आणि उन्हाळ्यात फुलणारा पांढरा थर पाहता जमीन प्रामुख्याने खारवट वाटते. तीत विद्राव्य क्षार साचलेले असतात आणि ते केवळ पाण्यानेच धुऊन जातात. खात्रीसाठी विनिमययोग्य, म्हणजे कणांना चिकटलेल्या सोडियमचे शेकडा प्रमाण तपासून घ्यावे. ते १५ च्या वर आले, तर जमीन खारवट-चोपण आहे असे समजून जिप्समची मात्रा प्रयोगशाळेकडूनच ठरवून घ्यावी. दुकानदाराच्या अंदाजावर विसंबू नये.

कोणतेही निदान ठरले तरी एक अट टळत नाही. सुटलेला क्षार शेताबाहेर गेला पाहिजे. भूजलाची पातळी दोन-तीन फुटांवर असेल, तर पाण्याबरोबर खाली गेलेले क्षार उन्हाळ्यात केशाकर्षणाने पुन्हा वर येतात. म्हणून आधी निचऱ्याची सोय करावी : उघडे चर, किंवा गाळणीचे आवरण असलेल्या सच्छिद्र पाईपांची भूमिगत निचरा प्रणाली. तिचे पाणी नाल्यापर्यंत न्यायचे, तर ते शेजाऱ्यांच्या बांधांखालूनच जाणार. त्यामुळे हे काम एकट्याचे नाही. आपल्याच तालुक्यात शेतकऱ्यांनी साखर कारखान्याच्या पुढाकाराने अशी सामुदायिक कामे केली आहेत, ती प्रत्यक्ष पाहून यावीत. कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्राचाही सल्ला घ्यावा. निचरा झाल्यानंतर पावसाळ्याचे पाणी क्षार धुऊन नेते. त्या काळात धैंचा हे हिरवळीचे पीक घेऊन गाडावे, पाचट (उसाचा वाळलेला पाला) जाळू नये आणि पाटपाण्याऐवजी ठिबक वापरावे. निचऱ्याशिवाय टाकलेल्या जिप्समचा खर्च, स्पष्टच सांगायचे तर, वाया जातो.

प्रश्न : पुण्यातील आमच्या सोसायटीच्या मागे पूर्वी मोटारींचे गॅरेज होते. तेथे शहर कंपोस्ट (शहरातील कचऱ्यापासून केलेले खत) घालून पालक व मुळा लावायचा विचार आहे. माती तपासली असता ती सुपीक असल्याचा अहवाल मिळाला. मग भाजी लावण्यास हरकत आहे काय?
– एक गृहिणी

उत्तर : हरकत आहे, निदान सध्या तरी. २०१५ साली सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिकेच्या योजनेत १२ घटक तपासले जातात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये यांची त्यात नोंद असते. शिसे किंवा कॅडमियम त्यात नाही. सुपीक माती दूषितही असू शकते आणि पीक तिच्यात जोमाने वाढलेलेही दिसते. जुन्या बॅटऱ्या, रंग आणि २००० सालापर्यंत वापरात असलेले शिसेयुक्त पेट्रोल यांमुळे गॅरेजच्या जागेत शिशाचा संशय घ्यायलाच हवा, कारण शिसे वरच्या थरात अनेक दशके टिकून राहते.

म्हणून शिसे, कॅडमियम यांसारख्या जड धातूंची चाचणी स्वतंत्रपणे करून घ्यावी आणि जवळच्या, गॅरेजशी संबंध न आलेल्या जागेचाही एक नमुना सोबत द्यावा. आपल्याकडील बेसाल्ट या काळ्या खडकापासून बनलेल्या मातीत तांबे, निकेल व क्रोमियम मुळातच बऱ्यापैकी असतात. तुलनेचा नमुना नसेल तर त्या आकड्यांनी उगाच घाबरायला होते. शिशाचे तसे नाही. बेसाल्टमध्ये ते अत्यल्प असते, त्यामुळे ते जास्त आढळले तर बाहेरून आले असे खुशाल समजावे.

कंपोस्टच्या बाबतीत, १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार शहर कंपोस्टमध्ये प्रति किलो शिसे १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम यांहून अधिक असता कामा नये. विक्रेत्याकडे चाचणी अहवाल मागावा. न वेगळा केलेल्या कचऱ्यापासून झालेले खत स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. चांगले कंपोस्ट शिसे काही प्रमाणात बांधून ठेवते, परंतु ते काढून टाकत नाही. सूर्यफूल लावून माती शुद्ध करण्याचा जो उपाय हल्ली सुचवला जातो, त्याला शिशाच्या बाबतीत इतका काळ लागतो की सोसायटीच्या बागेत त्याचा भरवसा धरू नये.

शिसे आढळल्यास तळाशी जाड कापड अंथरून बाहेरच्या मातीचे उंच वाफे करावेत, मोकळी जमीन आच्छादित ठेवावी आणि मुलांना तेथे मातीत खेळू देऊ नये. भाजीपेक्षा हाताला लागलेली धूळ तोंडात जाण्याचा धोका मोठा असतो. मूळच्या मातीत मुळा आणि पालक टाळावेतच. वांगी, दुधी यांसारख्या फळभाज्यांच्या फळांत शिसे फारच कमी उतरते.

प्रश्न : रेल्वे रुळांलगत सांडपाण्यावर वाढवलेली पालेभाजी मिठाच्या पाण्यात धुतली, तर जड धातू निघून जातात काय?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : पानावरची धूळ आणि तिच्यातील धातू धुतल्याने बऱ्याच अंशी जातात, त्यासाठी साधे वाहते पाणी पुरते. मुळांवाटे पानात शिरलेले कॅडमियम मिठानेही जात नाही आणि शिजवल्यानेही नाही. शिजवल्याने सांडपाण्यातील जंतू मरतात, एवढाच त्याचा लाभ. भाजी कोणत्या पाण्यावर वाढली हे विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर एकाच ठिकाणची पालेभाजी रोज घेऊ नये.