कॅनडाला निघण्याआधी ऑनलाइन क्रेडिट घ्यावीत का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलगी महाराष्ट्र बोर्डाची दहावी होऊन अकरावी सायन्सला आहे, पीआर (कायम वास्तव्याची परवानगी) हातात आहे, जानेवारीअखेर ऑन्टारिओत उतरायचं चाललंय. एजंट म्हणतो, तिथल्या बारावीचे विषय आत्ताच ऑनलाइन करून टाका, म्हणजे पोचेपर्यंत अर्धा डिप्लोमा खिशात. विषयामागे काहीशे डॉलर फी आहे. भरावी का?

माझं मत: आत्ता भरू नका. इथे आल्यावर एकदोन विषय ऑनलाइन किंवा उन्हाळ्यात घ्यावे लागतील, पण ते तेव्हा, आणि बहुधा फुकट.

आधी तिचा हिशेब मांडू, कारण एजंटने तो मांडलेला दिसत नाही. ऑन्टारिओच्या डिप्लोमाला, म्हणजे बारावीपर्यंतची शाळा पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्राला, नववी ते बारावी मिळून ३० क्रेडिट लागतात; साधारण एक विषय पूर्ण केला की एक क्रेडिट. बाहेरून आलेल्या मुलांना आधीच्या शिक्षणाची समतुल्य क्रेडिट शाळेचे प्रिन्सिपल देतात. दहावी पूर्ण असेल तर साधारण १६ धरली जातात आणि १४ कमवायची उरतात. तुमच्याकडची अर्धी अकरावी किती मोजायची हेही तेच ठरवतात. म्हणजे शाळेत बसायच्या आधी कोणता विषय लागणार आणि कोणता आपोआप पदरात पडणार, हे तुम्हाला कळूच शकत नाही. पैसे भरून केलेला विषय नंतर बिनकामाचा ठरला तर एजंट काही परत करणार नाही.

इथलं शालेय वर्ष दोन सेमिस्टरचं. सप्टेंबर ते जानेवारी आणि फेब्रुवारी ते जून, दर सेमिस्टरला चार विषय. तुमची वेळ त्यामुळे चांगली जुळते. फेब्रुवारीत ती अकरावीची फंक्शन्स म्हणजे एमसीआर३यू, फिजिक्स, केमिस्ट्री आणि इंग्लिश घेईल. ही चार क्रेडिट. पुढच्या वर्षी आठ. झाली बारा, दोन कमी पडली. ऑनलाइनची जागा असेल तर ती या दोनांत आहे. एक जुलैच्या समर स्कूलमध्ये निघतं, दुसरं नाइट स्कूलमध्ये किंवा टीव्हीओ आयएलसीकडून. आयएलसी ही सरकारी दूरशिक्षणाची सोय आहे, शाळेच्या संमतीने तिथे विषय घेता येतो. इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक स्कूल बोर्डाचं स्वतःचं ई-लर्निंगही आहे, पण ते बहुतेकदा दिवसाच्या चार तासांपैकी एकाच्या जागी येतं. जादा पाचवा विषय म्हणून हवं असेल तर तसं स्पष्ट विचारून घ्या.

विषयांच्या कोडकडे लक्ष ठेवा. पहिली तीन अक्षरं विषयाची, मग आकडा: १ म्हणजे नववी, ४ म्हणजे बारावी. शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. यू म्हणजे युनिव्हर्सिटीसाठी, सी कॉलेजसाठी (इथे कॉलेज म्हणजे विद्यापीठाहून वेगळी, व्यवसायाभिमुख संस्था), एम दोन्हींसाठी. इंजिनिअरिंग डोक्यात असेल तर गणितातल्या साखळीला पर्याय नाही: एमसीआर३यू झाल्याशिवाय बारावीचं अ‍ॅडव्हान्स्ड फंक्शन्स, म्हणजे एमएचएफ४यू, नाही, आणि कॅल्क्युलस अँड व्हेक्टर्स, म्हणजे एमसीव्ही४यू, हे एमएचएफ४यूच्या आधी घेता येत नाही, फार तर बरोबर. बारावीचे विषय आधी करा म्हणणाऱ्या एजंटला एवढंच विचारा की अकरावीचं फंक्शन्स कुणाच्या नावावर दाखवणार.

आता या ऑनलाइन शाळांबद्दल. ऑन्टारिओत खासगी शाळा सरकारला कळवून सुरू करता येते, पण नुसती नोंद म्हणजे मान्यता नव्हे. क्रेडिट द्यायचा अधिकार फक्त शिक्षण मंत्रालयाने तपासणी करून परवानगी दिलेल्या शाळांना असतो. मंत्रालयाच्या संकेतस्थळावर खासगी शाळांची यादी आहे आणि कोणती शाळा डिप्लोमाची क्रेडिट देऊ शकते हे त्यात लिहिलेलं असतं. एजंटच्या माहितीपत्रकावरचं नाव त्या यादीतल्या नावाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा. ‘रजिस्टर्ड’, ‘रेकग्नाइज्ड’ असले शब्द छापायला काही लागत नाही.

यादीत असलेली शाळाही चांगलीच असते असं नाही. एक क्रेडिट म्हणजे ११० तासांचं काम, ऑनलाइन असलं तरी. गुणांपैकी ७० टक्के वर्षभराच्या कामाचे आणि ३० टक्के शेवटच्या मूल्यमापनाचे. कुणी दोन आठवड्यांत विषय संपवून नव्वदच्या वर गुण द्यायला तयार असेल तर तिथे काय विकलं जातंय ते तुम्हीच समजून घ्या. इथल्या मुलांमध्ये कुठे गुण सैल मिळतात याची यादी तोंडपाठ असते, आणि जी मुलांना माहीत आहे ती प्रवेश देणाऱ्यांना माहीत नसेल असं समजू नका. काही विद्यापीठं, विशेषतः चढाओढीच्या अभ्यासक्रमांना, विषय नेहमीच्या शाळेबाहेर का घेतला याचं कारण विचारतात. उन्हाळ्यातलं एखादं क्रेडिट, वेळापत्रकात न बसलेला विषय, ही कारणं कुणालाही पटतात. ईएनजी४यू (बारावीचं इंग्लिश) आणि गणित एकाच खासगी ऑनलाइन शाळेतून आणि दोन्हींत पंचाण्णव, हे समजावून सांगणं कठीण जातं. हे मूळ विषय दिवसाच्या शाळेतच होऊ द्या.

तरीही तिथून घ्यायचाच हट्ट असेल तर वेळेचा प्रश्न आहे. ऑन्टारिओ उन्हाळ्यात भारतापेक्षा साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं. शिक्षकांच्या दुपारच्या तासाला तुमच्याकडे मध्यरात्र होते, आणि देखरेखीखालची परीक्षा तुमच्या सोयीने होत नाही. त्यावर अकरावीची प्रॅक्टिकल्स आणि सामानाची बांधाबांध आहेच. अकरावी-बारावीचा विषय अर्ध्यात सोडायचा असेल तर मध्यसत्राचं प्रगतिपुस्तक मिळाल्यानंतर शाळेचे पाच दिवस उलटायच्या आत सोडावा लागतो. नंतर सोडला तर ते ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे विद्यापीठांकडे जाणाऱ्या गुणांच्या नोंदीवर, दिसतं.

इंग्लिशबद्दल एक. इंग्रजी माध्यमात शिकली असली तरी बोर्डाच्या नवागत केंद्रात तिची इंग्लिश आणि गणिताची चाचणी होईल. ईएसएल (इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठीचा इंग्लिशचा विषय) सुचवलं तर अपमान मानू नका. ईएसएलची तीन क्रेडिट इंग्लिशच्या सक्तीच्या क्रेडिटमध्ये धरली जाऊ शकतात, पण बारावीचं इंग्लिश मात्र करावंच लागतं. चाचणीची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून जमलं तर महिनाअखेरीऐवजी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात या. दुसरं सेमिस्टर चुकलं की चार विषय चुकतात, आणि मग ऑनलाइनच्या मागे खरोखर धावावं लागतं.

बाकी छोट्या गोष्टी. डिप्लोमाला दोन क्रेडिट ऑनलाइन शिकण्याची अट आहे, पण पालकांनी लेखी कळवलं तर सूट मिळते, त्या अटीच्या नावाखाली कुणी विषय खपवू नये. साक्षरता चाचणी द्यावी लागेल. समाजसेवेचे ४० तास असतात, उशिरा आलेल्या मुलांसाठी किती धरायचे ते प्रिन्सिपल सांगतात. ओयूएसीवर (ऑन्टारिओतल्या विद्यापीठांच्या अर्जांचं केंद्र) विद्यापीठाचा अर्ज बारावीच्या वर्षी जानेवारीच्या मध्यापर्यंत जातो, म्हणजे तिच्या हातात त्या वेळी अकरावीचे आणि बारावीच्या पहिल्या सेमिस्टरचे फक्त मध्यसत्राचे गुण असतील. जादा क्रेडिट शक्यतो त्याआधीच्या जुलैत उरकलेलं बरं.

आत्ता तिथे करायचं ते एवढंच. नववी, दहावीच्या गुणपत्रिका, अकरावीच्या युनिट टेस्ट आणि सहामाहीचे गुण शाळेच्या शिक्क्यासह, शाळा सोडल्याचा दाखला, लसीकरणाची नोंद. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम दोन-तीन पानांत छापून घ्या, कॉलेजच्या लेटरहेडवर मिळाला तर उत्तम. समतुल्यता ठरवताना प्रिन्सिपलना त्याचा उपयोग होतो. मराठी कागद असतील तर इंग्रजी भाषांतर सोबत ठेवा. आणि तिला फंक्शन्सचा सराव करू द्या, घातांक आणि त्रिकोणमिती पक्की असली की फेब्रुवारीत ती वर्गाच्या पुढे असेल. त्यासाठी कुणाला डॉलर द्यावे लागत नाहीत.