बेळगाव सीमाभागात दोन दिवसांत काय बघावं, आणि वाद नेमका कशाचा?

दोन दिवसांत काय काय बघू आणि महाराष्ट्र-कर्नाटकातलं हे भांडण एवढी वर्षं कशाला चाललंय, असं दोन्ही एकदम विचारलंय तुम्ही. मी खानापूर तालुक्यातला, त्यामुळं पक्षपात होणार, आधीच सांगून टाकतो.

बेळगावचा किल्ला बघाच. आत 1204 ची कमल बस्ती म्हणजे जैन मंदिर आहे, रट्ट राजांच्या काळातलं, छताला दगडी कमळ उलटं लोंबतंय ते मान वर करून निवांत बघा. साफा मशीद पण आतच. मिलिटरी एरिया आहे, फोटो जरा बघून काढा.

पण खरं म्हणजे आमच्या तालुक्यातल्या नंदगडला या. कित्तूरची राणी चन्नम्मा माहीत असेल, तिचा दत्तक वारस इंग्रजांनी नामंजूर केला, ऑक्टोबर 1824 च्या लढाईत कलेक्टर थॅकरे मारला गेला, मग डिसेंबरात किल्ला पडला आणि राणी बैलहोंगलला कैदेतच 1829 ला वारली. तिचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा त्यानंतरपण लढत राहिला, शेवटी पकडला आणि 26 जानेवारी 1831 ला नंदगडला फाशी दिली. तिथं वडाचं झाड आहे, बायका नवस बोलतात. आमची आजी मराठीच, कन्नड तिला बाजारापुरतं यायचं, पण त्या वडाजवळनं जाताना चप्पल काढून हात जोडायची.

आता गंमत बघा. 1956 ला आम्ही मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलो, तिथनं वाद सुरू. सीमावादासाठी केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाच्या 1967 च्या रिपोर्टात बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवलं, पण निपाणी, खानापूर आणि हेच नंदगड महाराष्ट्राला द्यायचं म्हटलं होतं. म्हणजे कन्नड लोकांच्या एवढ्या लाडक्या वीराचा वड महाराष्ट्रात गेला असता की! महाराष्ट्राला बेळगावशिवाय काही मान्य नव्हतं, त्याची मागणी 814 गावांची, 2004 पासनं केस सुप्रीम कोर्टात. मला विचाराल तर मराठी शाळा आणि मराठीत कागद मिळावा हे भांडण खरं आहे, पण रायण्णा कुणाचा हे भांडण फुकटचं.

नंदगडहून पुढं हलशी गाठा. कदंब राजांच्या काळातली पलाशिका नगरी ती. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर, एकात वराह, मधे उभं राहिलं की दोन्ही देव तुमच्याकडंच बघताहेत असं वाटतं. गर्दी नसते, डबा घेऊन जा कारण हॉटेलाचा भरवसा नाही.

आणि 1 नोव्हेंबरला येऊ नका. त्या दिवशी शहरात एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची, म्हणजे राज्य स्थापना दिनाची मिरवणूक, दुसरीकडं आमच्या मराठी लोकांचा निषेधाचा काळा दिवस, वातावरण तापलं की महाराष्ट्राची एसटी सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढं येत नाही, मग बसा निपाणीच्या अलीकडंच बॅगा घेऊन.