मेकॅनिकल की नॅनोटेक्नॉलॉजी?

सप्रेम नमस्कार ताई,

मोबाइल आडवा केला की चित्र कसं वळतं, याचा छडा लावता लावता तुमची मुलगी मेम्सपर्यंत, म्हणजे सिलिकॉनवर कोरलेल्या सूक्ष्म यंत्रांपर्यंत पोचली. आता बारावीनंतर खासगी कॉलेजातलं नॅनोटेक्नॉलॉजीचं बी.टेक. घ्यावं की सरकारी कॉलेजातलं मेकॅनिकल, असा तुमचा प्रश्न आहे. ‘मुलीला मेकॅनिकल कशाला?’ हे दिरांचं मतही कळवलंत. त्याचा विचार करू नका.

मेकॅनिकलच घ्या. नॅनोटेक्नॉलॉजीच्या पदवीत बरेचदा सगळ्याची चव मिळते, पोट कशानेच भरत नाही. गेटला, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेला बसताना ते जाणवतं.

मोबाइलमधला अ‍ॅक्सिलरोमीटर बघा. बारीक स्प्रिंगांवर तोललेला सिलिकॉनचा तुकडा हलतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं, कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता बदलते आणि सर्किट ते मोजतं. स्प्रिंग किती लवेल, कितीदा थरथरेल, हे गणित मेकॅनिकलचंच. फक्त लहान मापात त्याचे नियम वेगळे भासतात. लांबी दहापट कमी केली तर वजन हजारपट घटतं, पृष्ठभाग मात्र शंभरपटच. त्यामुळे तिथे वजनाला कोणी विचारत नाही, चिकटण्याची भीती मोठी. कोरून झाल्यावर धुतलेली पट्टी सुकताना पाण्याच्या ओढीने तळाला चिकटली, की अख्खा नग वाया. तिला हे वाचून मजा वाटली तर शाखा बरोबर आहे. सर्किटं जोडण्यातच जीव रमत असेल, तर ई अँड टीसी किंवा इन्स्ट्रुमेंटेशन बघा.

मेम्सचं खरं शिक्षण एम.टेक.ला होतं, हे आत्ताच धरून चला. चार वर्षांच्या पदवीवर या क्षेत्रात थेट नोकरी क्वचित लागते आणि आपल्याकडे कामही घडवण्यापेक्षा डिझाइन व चाचणीचं जास्त. आयआयटी मुंबई आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था इथे क्लीनरूम, म्हणजे अशा सूक्ष्म कामासाठीच्या धूळमुक्त प्रयोगशाळा आहेत. इनअप (इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅम) या सरकारी योजनेतून बाहेरच्या संशोधकांनाही तिथे काम करता येतं. तिसऱ्या वर्षी एखाद्या प्राध्यापकांना गाठून त्या वाटेने प्रोजेक्ट मिळतो का, ते तिने विचारावं.

कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेचा फॉर्म भरण्याआधी दोन्ही कॉलेजांचा अभ्यासक्रम उघडा. व्हायब्रेशन्स आहे का, कंट्रोल सिस्टिम्स आहे का, इलेक्ट्रॉनिक्सचे ऐच्छिक विषय घेऊ देतात का, एवढं बघा. फी आणि वसतिगृहाचा खर्च कळवलात, तर कर्जाबद्दल पुढच्या पत्रात लिहीन.